गव्हाणीची पेटी

सिस्टर अन्नम्मा यांची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा माझी मान त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये होती. मी आठ वर्षांची होते आणि माझे डोके उवांनी भरले होते. कॉन्व्हेंटच्या मागच्या ओसरीवर, ऊन कलल्यावर, त्या वरच्या पायरीवर बसत आणि मला खालच्या पायरीवर बसवत. केसांना करंजीचे तेल चोपडून बारीक फणीने एकेक ऊ काढत आणि पांढऱ्या कागदावर ठेवत. केरळातून आमच्या जंगलात येऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. मराठी शिकायची म्हणून त्या उवा मराठीत मोजत. अठरापर्यंत नीट चाले, मग फणी थांबे.

"पुष्पा, अठरा के बाद?"

"एकोणीस."

"एकोणीस मतलब वीसमधून एक कमी?"

"हो."

"मग तुमचे लोक सरळ का नाही मोजत?"

त्या 'एकोणीस, एकोणीस' असे घोकत विसावी ऊ शोधू लागत. इतकी साधी दुपार. पण माझी आई मी सहा वर्षांची असतानाच गेली होती आणि तिच्यानंतर माझ्या डोक्याला कुणाचा एवढा वेळ हात लागला नव्हता. त्यामुळे उवा संपू नयेत असे मला वाटे.

माझे वडील वनरक्षक होते. आलापल्लीच्या सागवानात त्यांची नेमणूक, आणि उन्हाळ्यात वणव्याच्या दिवसांत ते आठ-आठ दिवस घरी येत नसत. म्हणून त्यांनी मला अहेरीच्या वाटेवरच्या या बोर्डिंगात ठेवले. ठेवताना त्यांनी तिथल्या वडीलधाऱ्या सिस्टरांना स्पष्ट विचारले होते, "पोरीले बाटवणार नाई ना?" त्या हसून म्हणाल्या होत्या, "डोक्यातल्या उवा तेवढ्या काढून घेऊ, बाकी जसं आहे तसं परत देऊ." शब्द पाळला गेला. मी आजही माझ्या घरच्याच देवांना हात जोडते. मात्र मन फार भरून आले की डोळ्यांपुढे तिथल्या प्रार्थनाघराची, चॅपेलची, थंडगार फरशी येते.

सिस्टरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे असे गौरव समितीने सुचवले, तेव्हा मी त्यांची परवानगी मागायला गेले. त्या गोळ्यांच्या पुड्या बांधत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "मेलेल्या माणसावर लिहितात तसं नको लिहू. मी अजून जित्ती आहे. अन खोटंही नको लिहू. तुले दोन्ही येते."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला ते खटकले नव्हते.

आधी त्यांच्या कामाविषयी लिहिते. मी दहा वर्षांची असताना त्यांची इथून बदली झाली. नऊ वर्षांनी, नर्सिंगचे शिक्षण घेऊन, त्या परत आल्या आणि कॉन्व्हेंटच्या आवारातल्या दोन खोल्यांत दवाखाना सुरू झाला. तेव्हापासून चाळीस वर्षे तो त्यांनी सांभाळला. आठवड्यातले तीन दिवस दवाखान्यात आणि बाकीचे सायकलवरून आतल्या गावांत. ताप, हगवण, सर्पदंश, कुपोषित मुले, अडलेल्या बाळंतिणी. मराठी त्या आमच्याकडून शिकल्या, म्हणून ती आमच्यासारखीच झाली, 'मले-तुले'ची. पुढे गोंडी आणि माडियाही शिकल्या. गावोगाव त्यांना 'सिस्टरबाई' म्हणतात.

आतल्या एका गावच्या तानीबाई या माडिया सुईण समारंभाच्या दिवशी सभेत बसलेल्या असतील. पहिल्यांदा सिस्टर तिथे बाळंतपणाला गेल्या तेव्हा तानीबाईंनी त्यांना झोपडीत येऊ दिले नाही. "तू इथी बस. हाक मारीन तं ये," असे म्हणून दार ओढून घेतले. सिस्टर बसल्या. सकाळपासून दुपारपर्यंत छपराखाली, मांडीवर बंद पिशवी घेऊन. पाण्याला जाणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मूल सुखरूप झाले, हाक आलीच नाही, आणि सिस्टर तशाच परतल्या. असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी मूल पायाळू होते. दार उघडून तानीबाई म्हणाल्या, "ये वो आता. लवकर."

आज तानीबाई कुठेही गेल्या तरी आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतात. मी एकदा सिस्टरांना विचारले, हे तुम्ही त्यांच्या गळी कसे उतरवले? त्या म्हणाल्या, "काई नाई केलं. आधी मी तिचं ऐकलं, मग तिनं माझं ऐकलं."

ऐकणे. सिस्टरांच्या आयुष्याला एकच शब्द लावायचा झाला तर मी हाच लावीन. ख्रिस्ती संन्यासिनी आज्ञापालनाचे व्रत घेते, हे आपल्याला ऐकून माहीत असते. पण मान खाली घालून जगणारे माणूस असे चित्र डोळ्यांपुढे आणू नका. सत्तरीला आल्यावर त्या एकदा सायकलवरून पडल्या, तेव्हा चर्चच्या फादरांनी त्यांना बजावले, "सिस्टर, यापुढे सायकलवर बसायचं नाही." दुसऱ्या दिवशी त्या अहेरीच्या बाजारात सायकल हाताने ढकलत निघाल्या, पिशवी हँडलला. आमचे शिंपी रहीमभाई दुकानातून ओरडले, "ओ बाई! सायकल हाय त् बसत काऊन नाई?"

"बसू नको म्हटलं फादरनं."

"फिर घर पे रखो ना!"

"ढकलू नको असं नाई म्हटलं."

पाच वर्षे त्यांनी ती सायकल अशीच ढकलली. फादरही शेवटी हसले. पण एकदाही, उतारावरसुद्धा, कुणी पाहत नसतानासुद्धा, त्या तिच्यावर बसल्या नाहीत.

माझ्यावरचे त्यांचे उपकार सांगू लागले तर हा ग्रंथ पुरणार नाही. एकच सांगते. मला शिक्षिकेची पहिली नेमणूक मिळाली ती भामरागडच्या बाजूच्या एका गावी, पावसाळ्यात चार महिने वाट बंद होणारी जागा. हुकमाचा कागद घेऊन मी रडत त्यांच्याकडे गेले. ओळखीपाळखीने तो बदलून घ्यायचा माझा बेत होता. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. "कागदाकडं नको पाहू," त्या म्हणाल्या. "त्याच्या तिकडच्या टोकाले कोण बसून हाय ते पाह्य." मी गेले. शाळेच्या ओट्यावर पोरे पाट्या घेऊन बसली होती. आधीचे गुरुजी सहा महिन्यांपूर्वी गेले होते आणि नवे येणार असे कुणीतरी सांगितल्यापासून ती रोज येऊन बसत होती. त्या गावात मी अकरा वर्षे राहिले. सिस्टरांचे ते वाक्य मी पुढे कित्येक सभांतून सांगितले. ते त्यांना कुठून सुचले, हे मला या वर्षी कळले.

आता जे लिहायचे ते लिहिते. मी हे एकोणपन्नास वर्षे कुणाला सांगितलेले नाही.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एक रीत होती. दरवर्षी मे महिन्यात संस्थेच्या मुख्य घराकडून लांबट पाकिटे येत. ज्या सिस्टरांचे नाव पाकिटावर असे, त्यांची बदली. त्या कुणाशी न बोलता चॅपेलमध्ये जात, वेदीपुढे गुडघे टेकत, तिथेच पाकीट उघडत आणि वाचून होताच, उठण्याआधी, ओठांतल्या ओठांत 'हो' म्हणत. कुठे जायचे, का जायचे, हे बोलणे त्यानंतर. त्या संध्याकाळी जेवणात तांदळाची खीर असे. मग दोन-चार दिवस निरोपाचे आणि एक पिशवी घेऊन प्रस्थान. पिशवी एकच, बाकी सारे घराचे. आम्हा बोर्डिंगच्या मुलींना हा क्रम पाठ होता: लांब पाकीट, खीर आणि एक सिस्टर कमी.

त्या वर्षी सुटीत सगळ्या मुली घरी गेल्या होत्या. वडील वणव्यात अडकलेले, म्हणून मी एकटी चार सिस्टरांबरोबर राहिले होते. दुपारी पोस्टमन फाटकाशी जो दिसेल त्याच्या हाती टपाल देई. त्या दिवशी मी दिसले. वरचेच पाकीट लांबट होते आणि त्यावरचे नाव मला वाचता आले, कारण इंग्रजी अक्षरे मला त्यांनीच शिकवली होती. सिस्टर अन्नम्मा.

चॅपेलच्या मागच्या खोलीत एक सागवानी पेटी होती. वनखात्याच्या लाकूड डेपोतल्या सुताराने ती करून दिली होती. नाताळात गव्हाणी मांडायच्या मूर्ती तिच्यात असत: बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ, एक कान तुटलेले कोकरू. सण संपला की सिस्टर आणि मी त्या मूर्ती भाताच्या तणसात गुंडाळून ठेवत असू, आणि मग पुढच्या नाताळापर्यंत ती पेटी कुणी उघडत नसे. मी पाकीट तिच्या तळाशी तणसाखाली घातले. नाताळापर्यंत पाकीट जुने होईल आणि जुन्या पाकिटाचे कुणी ऐकणार नाही, असा माझा हिशोब होता.

एकोणीस दिवस गेले. मोजायला मीच शिकवलेला आकडा. त्या दिवसांत मी त्यांच्या मागे-मागे राहिले, आणि खरे सांगते, माझ्या बालपणात तितके सुखाचे दिवस दुसरे नाहीत.

विसाव्या दिवशी आवारात जीप आली. जीपमधून मदर उतरल्या. साऱ्या सिस्टरांवर अधिकार असलेल्या या मदर मूळच्या वसईच्या, उंच, करड्या आवाजाच्या. मी धावत जाऊन पेटीतले पाकीट काढले आणि सिस्टरांच्या शिवणाच्या टोपलीत, बटणांखाली, खुपसले. मग पाण्याचे ग्लास घेऊन बैठकीच्या खोलीत गेले.

"अन्नम्मा," मदर म्हणत होत्या, "पत्र पाठवून तीन आठवडे होऊन गेले. तू नाहीस, तुझं उत्तर नाही."

"मला पत्र मिळालं नाही, मदर."

"या घरात टपाल कोण पाहतं?"

"मी."

"मग?"

सिस्टर आत शोधायला गेल्या. मी तबक धरून उभी. त्या परत आल्या तेव्हा पाकीट त्यांच्या हातात होते आणि त्याच्या डिंकाच्या कडेला तणसाची एक काडी चिकटली होती. त्यांनी ती काडी पाहिली. मग एकदाच माझ्याकडे पाहिले. नखाने काडी सोडवली आणि खिशात टाकली.

"घरात आलं होतं, मदर. टपाल माझ्याकडे असतं. चूक माझी."

तिथेच, बैठकीच्या फरशीवर, त्यांनी गुडघे टेकले, पाकीट उघडले, वाचले. वाचताना त्यांचा चेहरा पांढरा पडला. ओठ हलले.

"पत्र हरवलं म्हणून आज्ञा हरवत नाही, अन्नम्मा," मदर म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला. मला तो राग वाटला. "आत्ता माझ्याबरोबर निघ."

ना खीर, ना निरोप. अर्ध्या तासात एक पिशवी भरली गेली. जीपमध्ये चढताना सिस्टरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "केस रोज विंचर," एवढेच म्हणाल्या. जी दोन-चार दिवसांची माया हक्काने मिळाली असती, ती माझ्याच हाताने गेली. पाकीट मी लपवले हे त्यांनी ओळखले होते की नव्हते, हे विचारायचा धीर मला पुढे त्या परत आल्यावरही झाला नाही. चाळीस वर्षे आम्ही एकमेकींच्या हातचा चहा प्यायलो, पण मी विचारले नाही आणि त्या बोलल्या नाहीत.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा पाकीट आले. हल्ली बदल्या फोनवर कळतात, पण सिस्टरांच्या वयाचा मान राखून मुख्य घराने जुन्या रीतीने लांबट पाकीट पाठवले. वसईच्या किनाऱ्यावर संस्थेचे वृद्ध सिस्टरांचे घर आहे, तिथे महिनाअखेरीस हजर व्हावे, असा मजकूर. पंच्याहत्तरीचा सत्कार समारंभ त्यानंतर पंधरा दिवसांनी ठरला होता. त्यांनी चॅपेलमध्ये गुडघे टेकले, या वेळी बाकाला धरून, आणि 'हो' म्हटले.

आम्ही म्हटले नाही. मी अर्ज लिहिला. रहीमभाईंनी तो बाजारातल्या दुकानादुकानांतून सह्यांसाठी फिरवला. तानीबाई आतल्या गावांतून अंगठे घेऊन आल्या, बोटांना शाई तशीच. "सिस्टरबाई गेली तं मी कोणाले हाक मारू?" त्या मला विचारत होत्या. सिस्टरांना न कळवता तो अर्ज मी मुख्य घराकडे पाठवून दिला.

उत्तर फोनवर आले, आणि सिस्टरांनाच आले. लोकांची एवढी इच्छा असेल तर आज्ञा मागे घेते, राहायचे की यायचे ते तुम्हीच ठरवा, असे सध्याच्या मुख्य सिस्टरांनी मोठ्या मनाने कळवले. सिस्टरांनी मला बोलावून घेतले. मागच्या ओसरीवर, त्याच पायरीवर त्या बसल्या होत्या. मी आनंदात गेले.

"पुष्पा," त्या म्हणाल्या, "तू पुन्हा पाकीट लपवलं."

मी खालच्या पायरीवर बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तणस त्या घरात एकाच पेटीत होतं. अन ते तू अन मी भरलं होतं."

"मग बोलल्या काऊन नाई इतकी वर्षं?"

"दहा वर्षांच्या पोरीले काय बोलू? अन मोठी झाल्यावर बोलली असती तं तू माझ्याकडं येणं सोडलं असतं."

मी म्हटले, "तेव्हाचं जाऊ द्या. आता तर आज्ञाही मागे घेतली. आता तुम्हाला कुणी बांधलं नाही. राहा."

"बांधलं कधी होतं?" त्या म्हणाल्या. पुढचे त्यांनी हळू आवाजात, माझ्याकडे न पाहता सांगितले.

केरळातल्या त्यांच्या गावची त्रेसा नावाची मैत्रीण होती. दोघी एकाच होडीतून शाळेला गेल्या, एकाच गाडीने महाराष्ट्रात आल्या, एकाच दिवशी व्रत घेतले. त्रेसा दूरच्या एका घरी आजारी पडली, उठेनाशी झाली. मी लपवलेले ते पाकीट त्यासाठी होते. त्रेसाच्या शुश्रूषेला ये, एवढाच त्यातला मजकूर.

"मदरनं तिला सांगून ठेवलं होतं, अन्नम्मा येऊन राह्यली म्हणून. ती दाराकडं तोंड करून निजे. रोज. मदर मले न्यायले निघाली तेव्हा ती होती. मी पोचली तेव्हा तिला मातीत ठेवून चार दिवस झाले होते."

मदरांचा आवाज का फाटला होता, ते मला एकोणपन्नास वर्षांनी समजले. त्यांनी त्रेसाला तोंडाने सांगितले होते, आणि आज्ञा का पाळली गेली नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. माझ्याखेरीज ठाऊक असलेले एकच माणूस 'चूक माझी' म्हणून फरशीवर गुडघे टेकत होते.

मी किती वेळ रडले ते सांगता येत नाही. सिस्टरांनी माझी मान ओढून त्यांच्या गुडघ्याला टेकवली. माझ्या पिकल्या केसांतून त्या बोटे फिरवत राहिल्या.

"तुले सांगणार नव्हती मी," त्या म्हणाल्या. "पण तू आजी व्हायच्या वयाची झाली, तरी पाकीट लपवतेच. मग कधी सांगू?"

"मला माफ केलंत?"

"त्याच दिवशी. काडी खिशात टाकली ना. पण त्रेसाची माफी मी रोज मागते, दोघींच्या वतीनं."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. मी त्यांचे शब्द जसे आठवतात तसे देते, कारण या ग्रंथात त्यांच्याविषयी जे काही छापले जाईल त्यात हेच खरे त्यांचे आहे. "आज्ञा म्हणजे काय वाटते तुम्हाले? साहेबाचा हुकूम? कुठीतरी कोणाले तरी माझी गरज हाय. देव मले ते स्वतः येऊन नाई सांगत, पाकिटातून सांगते. मी 'हो' म्हणते ते पाकिटाले नाई म्हणत, त्याले म्हणते. माझं त्याच्यावर प्रेम हाय हे मी दुसरं कशानं दाखवू? मले तं गाणंही येत नाई."

"पण आज्ञा मागे घेतली ना."

"इकडून घेतली. तिकडून कोण घेईल? मदर तिथं हाय, पुष्पा. नव्वद पार झाली. दिसत नाई तिले. तिच्या कानावर घातलं असन, अन्नम्मा येते म्हणून. ती दाराकडं तोंड करून बसली असन."

तरी माझ्यातली बोर्डिंगातली पोर गप्प बसेना. "पंधराच दिवस मागून घ्या. सत्कार होऊ द्या."

"मागितले तं देतील," सिस्टर म्हणाल्या. "म्हणूनच नाई मागत."

महिना संपायच्या आत एका सकाळच्या बसने त्या गेल्या. या वेळी मी खीर केली होती. स्टॅण्डवरच्या बाकावर बसून त्यांनी ती डब्यातून खाल्ली आणि साखर जास्त झाल्याचे सांगितले. तानीबाईंनी पदरातून चारोळीची पुडी काढली. पिशवी एकच आणि ती भरलेली, म्हणून सिस्टरांनी त्यातली मूठभर घेतली आणि बाकीची परत त्यांच्याच पदरात बांधली. रहीमभाईंनी सत्कारासाठी शिवलेला नवा पांढरा झगा त्यांनी प्रवासालाच घातला होता.

"बाई, ये गलत बात हाय," रहीमभाई म्हणाले. "स्टेजवर घालायचा होता. आता बसमधले लोक पाहणार!"

"मदर पाहतील."

"उनको तो दिखता नहीं."

"हातानं पाहतील. शिलाई सरळ हाय ना?"

"मेरी सिलाई कभी टेढ़ी हुई, बाई?"

"कॉलर."

"कॉलर एकदाच! तीस साल झाले!"

हसता-हसता त्यांनी तोंड फिरवले आणि उगीच बसच्या चाकाकडे पाहत राहिले. बस निघाली. सिस्टरांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला.

समारंभ ठरल्या दिवशीच होईल. मधली खुर्ची रिकामी ठेवा, तिच्यावर फोटो ठेवू नका, असे त्यांचे सांगणे आहे. मदर त्यांच्या हातची पेज पितात, असे परवा पत्रात आले. अक्षर अजून तसेच आहे, सरळ आणि मोठे. त्यांच्या पत्रांची मी आता वाट पाहू लागले आहे, आणि माझे मागणे त्या अक्षराएवढेच आहे: ते पुष्कळ वर्षे असेच सरळ राहो. त्यांच्या गुडघ्यांना बाकाचा आधार घेऊन का होईना, वाकता येवो. सुईत दोरा ओवण्याइतकी नजर राहो. आणि त्या ज्या-ज्या दाराशी पोचतील, तिथे त्या वेळेवर पोचोत. त्यांना शंभर वर्षे मिळावीत असे आपण साऱ्यांनी मागू या. इथून दिसल्या नाहीत तरी चालेल.

जाण्याआधी त्यांनी, मुख्य घराची परवानगी घेऊन, दवाखान्याच्या केसपेपरच्या मागे एक यादी लिहून माझ्या हाती दिली. समारंभात ती वाचून दाखवावी आणि त्याप्रमाणे वस्तू द्याव्यात, असे सांगितले. शेवटची वस्तू मात्र माझ्या घरी आधीच पोचली आहे. ती माझ्या खाटेशेजारी आहे. मी तिच्यावरची धूळ रोज पुसते. हलवली की आतल्या मूर्तींखाली कागदासारखे काहीतरी सरकते. मी ती उघडलेली नाही. यादी अशी:

बाळंतपणाची पिशवी, दवाखान्यात येणाऱ्या नव्या सिस्टरांना. कात्री उकळल्याशिवाय वापरू नये.

सायकल, तानीबाईच्या नातीला. तिने बसावे. ढकलू नये.

छत्री, तानीबाईला. बाहेर बसायची पाळी आता तिची. नव्या सिस्टरांनी हाक मारली तरच आत जावे.

शिवणाची टोपली, बटणांसकट, रहीमभाईंना. उसवायची लहान कात्रीही त्यांनाच. कॉलरसाठी.

सत्काराची शाल आणली असेल तर ती परत करू नये. त्या दिवशी दवाखान्यात जी पहिली बाळंतीण येईल तिच्या बाळाला गुंडाळावी.

जुना चष्मा, ज्याला लागेल त्याला.

गव्हाणीची पेटी, पुष्पाला. तणस दरवर्षी नवे घालावे. कोकराचा कान चिकटवू नये. पेटी नाताळच्या आदल्या दिवशी उघडावी. त्याआधी नाही.